जिवंत आमिष (गोड्या पाण्यातील मासेमारी)

गळाने मासे धरताना गांडूळ, झिंगा, नाकतोडा, लहान मासळी असे जिवंत जीव गळाला लावण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या सीमाभागात घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा या नद्यांच्या काठी आणि गावतळ्यांवर ती रूढ आहे.

गांडूळ हे इथले मुख्य आमिष. न्हाणीचे पाणी मुरते तिथे, केळीच्या बुडात किंवा जुन्या उकिरड्याच्या कडेला कुदळीचे दोन घाव घातले की ते मिळते. करवंटीत ओल्या मातीसकट सावलीत ठेवले तर दिवसभर ताजे राहते. गळात ओवताना शेपटीकडचा भाग मोकळा सोडतात. गांडूळ टोकापर्यंत चढवले तर त्याची वळवळ थांबते आणि आमिषाचा अर्धा गुण जातो. माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीकशी थरथरही तिच्यामुळे त्याला कळते. मृगाच्या पावसाने नदी गढूळ झाली की डोळ्यांचा उपयोग उरत नाही, ही थरथर आणि वासच माशाला गळाकडे आणतात. त्या दिवसांत कणकेच्या गोळीपेक्षा गांडूळ सरस ठरते ते यामुळेच.

मरळीला मात्र गांडूळ थोडके वाटते. हा शिकारी मासा शेवाळाच्या आडोशाला दबा धरतो, हवा घ्यायला अधूनमधून वर येतो आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. तिच्यासाठी लहान मासळी वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराजवळून, कण्याला धक्का न लावता अडकवतात, म्हणजे ती पोहत राहते. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथे गळ टाकूच नये. राखणारा मासा उचलला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

वाम हा सापासारखा लांबट मासा रात्री तळाशी फिरतो, त्याला गांडूळच लागते. कटला हा मासा पृष्ठभागाजवळचे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातो, म्हणून त्याच्यासाठी जिवंत आमिषाचा फारसा उपयोग नाही.

आमिषाची मासळी ज्या पाण्यात गळ टाकायचा त्याच पाण्यातली घ्यावी. सह्याद्रीतल्या ओढ्यांत जगात इतरत्र न सापडणारे मासे आहेत. घटप्रभेवरच्या हिडकलच्या जलाशयातून बादलीत आणलेली मासळी सह्याद्रीतल्या कणकुंबीकडच्या ओढ्यात सुटली, तर तिच्याबरोबर तिलापियासारखा परका मासा किंवा रोगही शिरू शकतो. एकदा रुजलेला परका मासा बाहेर काढणे जवळपास अशक्य असते. उरलेली मासळी जिथली तिथे सोडतात, गांडुळे उकिरड्यात.