लेखकाच्या नकळत उमटणारी खूण

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला मंजुरी द्यावी की नाही, यावर तेथे वाद पेटलेला असताना, ऑक्टोबर १७८७पासून न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत घटनेची बाजू मांडणारे निबंध 'पब्लियस' या टोपणनावाने येऊ लागले. पुढच्या वर्षापर्यंत त्यांची संख्या ८५ झाली. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे तिघे त्यामागे होते, हे फार काळ लपून राहिले नाही; मात्र कोणता निबंध कोणाचा, हा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. हॅमिल्टन १८०४मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याने मागे ठेवलेली लेखकांची यादी आणि मॅडिसनने १८१८मध्ये जाहीर केलेली यादी यांचा मेळ बसेना, आणि बारा निबंध असे उरले की ज्यांवर दोघांचाही हक्क सांगितला जात होता.

इतिहासकारांनी या बारांवर दीडशे वर्षे वाद घातला. कधी मतांवरून, कधी तर्काच्या धाटणीवरून पारडे इकडे किंवा तिकडे झुकवले गेले. अडचण अशी होती की दोघांचे शिक्षण एकाच वळणाचे, दोघांचा हेतू एक, आणि दोघांनीही त्या काळच्या भारदस्त राजकीय गद्याचा एकच साचा स्वीकारलेला. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९४१मध्ये वाक्यांची लांबी मोजून पाहिली. हॅमिल्टनच्या वाक्यात सरासरी ३४.५५ शब्द निघाले आणि मॅडिसनच्या वाक्यात ३४.५९. इतके कष्ट करून हाती आलेला हा फरक पाहून त्यांनी काम बाजूला ठेवले, यात नवल नाही.

पुढे डग्लस अडेर या इतिहासकाराने मॉस्टेलरच्या नजरेस एक बारीक गोष्ट आणून दिली. हॅमिल्टन 'व्हाइल' लिहितो, तर मॅडिसन त्याच अर्थाने 'व्हाइल्स्ट' लिहितो. अर्थामध्ये फरक नाही, वजनात फरक नाही, केवळ सवय. मात्र हा शब्द दर निबंधात येईलच असे नाही, म्हणून मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी अशाच प्रकारच्या, पण सतत येणाऱ्या शब्दांचा शोध सुरू केला. संगणक तेव्हा हाताशी असला तरी बेभरवशाचा होता. सुरुवातीची मोजणी शब्द कागदाच्या पट्टीवर टंकलिखित करून, त्या पट्ट्यांचे तुकडे कापून आणि वर्णानुक्रमे लावून झाली. त्या वेळी कोणी जोराने श्वास सोडला तरी तुकडे उडत आणि वैर जन्माला येई, असे या दोघांनी पुढे गमतीने नोंदवले आहे.

'युद्ध', 'कर', 'न्यायालय' यांसारखे शब्द त्यांनी मुद्दाम वगळले. लष्करावरच्या निबंधात युद्ध येणारच. त्यावरून विषय कळतो, लेखक नव्हे. उरले ते 'अपॉन', 'बाय', 'टू', 'ऑल्सो' यांसारखे, वाक्याचे सांधे जोडणारे शब्द. त्यांतील 'अपॉन' हा सर्वांत बोलका ठरला. हॅमिल्टन तो हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतो, तर मॅडिसनच्या लेखनात तो पाच-सहा हजार शब्दांत जेमतेम एकदा सापडतो. बाकीच्या शब्दांतला फरक इतका ठळक नव्हता, पण तीस शब्द निवडून प्रत्येकाचा कल किती, हे काढता येत होते. त्यासाठी त्यांनी पुराव्यागणिक शक्यता बदलत नेणाऱ्या बेझच्या नियमाचा आधार घेतला. एखाद्या शब्दाच्या वापरावरून मॅडिसनची शक्यता दीडपट वाढते, दुसऱ्यावरून दुप्पट, तिसऱ्यावरून थोडी घटते. हे सर्व कल एकमेकांशी गुणत गेल्यावर सुट्या सुट्या दुबळ्या पुराव्यांची मिळून भक्कम साक्ष तयार होते. शब्द एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, याची वजावटही त्यांनी केली. १९६४मध्ये ग्रंथरूपाने आलेला निष्कर्ष असा होता की बाराही निबंध मॅडिसनचेच असण्याची शक्यता फार मोठी आहे.

साहित्याच्या अभ्यासाला या निकालाने एक विचित्र धडा दिला. शैली म्हटले की आपल्या मनात प्रतिमा, अलंकार, शब्दांचा नाद, निवेदनाचे तंत्र येते. समीक्षक ज्याचे कौतुक करतो ते हेच, आणि ते योग्यही आहे. पण जे डोळ्यांत भरते त्याची नक्कल करता येते, आणि लेखकालाही ते हवे तेव्हा बदलता येते. ज्याकडे स्वतः लेखकाचेही लक्ष नसते ते बदलणे फार अवघड. इंग्रजी मजकुरात सर्वाधिक येणारे शंभर शब्द मिळून साधारण निम्मी जागा व्यापतात आणि त्यांतले बहुतेक असेच नजरेआड राहणारे असतात. भाषेच्या या बिनचेहऱ्याच्या अर्ध्या भागातच माणसाचा चेहरा सापडावा, ही मला शब्द मोजून लेखक ओळखण्याच्या या शास्त्रातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

मोजण्याची कल्पना मात्र जुनी आहे. मदुराईत जन्मलेले इंग्रज गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५१मध्ये एका पत्रात सुचवले होते की शब्दांची सरासरी लांबी मोजून बायबलमधील पत्रांचा कर्ता ओळखता येईल. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ टॉमस मेंडेनहॉल यांनी १८८७मध्ये ती कल्पना पुढे नेली. किती अक्षरांचे शब्द किती वेळा येतात याचा आलेख काढला, तर प्रकाशाच्या वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखावे तसा लेखक ओळखता येईल, असा त्यांचा विश्वास होता. शेक्सपिअरची नाटके खरे तर फ्रान्सिस बेकनने लिहिली, हा वाद तेव्हा जोरात होता. १९०१मध्ये मेंडेनहॉल यांनी त्यासाठी मोजणी करवून घेतली; दोन महिलांनी महिनोन्‌महिने बसून सुमारे वीस लाख शब्द मोजले. शेक्सपिअरमध्ये चार अक्षरी शब्द सर्वाधिक निघाले, बेकनमध्ये तीन अक्षरी. बेकनचा दावा निकालात निघाला असे अनेकांना वाटले. परंतु शेक्सपिअरची बहुतेक नाटके पद्यात आहेत आणि बेकनचे लेखन गद्यात. सी. बी. विल्यम्स यांनी १९७५मध्ये दाखवून दिले की एकाच लेखकाच्या गद्यात आणि पद्यातही असाच फरक पडतो. मेंडेनहॉल यांनी लेखक मोजला नव्हता, लेखनप्रकार मोजला होता. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण दोन्ही शिते एकाच जातीच्या तांदळाची हवीत.

शेक्सपिअरच्याच बाबतीत अधिक फलदायी ठरलेली वाट वेगळी होती आणि ती छंदाच्या बारकाव्यांतून गेली. 'आठवा हेन्री' हे नाटक जेम्स स्पेडिंग यांनी १८५०मध्ये दोन लेखकांत वाटून दिले. इंग्रजी नाट्यपद्याची ओळ सामान्यतः दहा अवयवांची, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटांची, असते, पण ओळीच्या शेवटी अकरावा, आघात नसलेला अवयव जोडण्याची लकब तरुण नाटककार जॉन फ्लेचरला इतकी अंगवळणी पडली होती की त्याचे प्रवेश कानालाच वेगळे जाणवतात. विसाव्या शतकाच्या मध्यास सायरस हॉय यांनी याला आणखी एक खूण जोडली. 'यू'ऐवजी 'यी' आणि 'देम'ऐवजी 'एम' असे बोलीतले संक्षेप फ्लेचर मुबलक वापरतो, शेक्सपिअर त्या मानाने फार कमी. 'आठवा हेन्री'मध्ये या खुणा एकत्र ठेवल्या की प्रवेशांची विभागणी बव्हंशी स्पेडिंग यांनी केली होती तशीच होते. लिहिणारा हात आणि छापणारा हात यांत मात्र गल्लत होऊ शकते, कारण त्या काळी नक्कलकार आणि खिळे जुळवणारे कारागीर असे बारीक शब्द आपल्या सवयीने बदलत. म्हणूनच एका खुणेवर भिस्त ठेवणारा अभ्यासक लवकर फसतो. २०१६च्या नव्या ऑक्सफर्ड आवृत्तीने 'सहावा हेन्री'च्या तिन्ही भागांवर समकालीन नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याचे नाव सहलेखक म्हणून छापले तेव्हाही सर्व विद्वानांची संमती मिळाली नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

फसण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे. १६१२मध्ये 'डब्ल्यू. एस.' या आद्याक्षरांनी छापलेले एक शोककाव्य शेक्सपिअरचे आहे, असे अमेरिकी प्राध्यापक डॉनल्ड फॉस्टर यांनी शब्दांच्या मोजदादीच्या बळावर मांडले, आणि १९९०च्या दशकात ते काव्य शेक्सपिअरच्या समग्र साहित्यात छापलेही गेले. पुढे ते जॉन फोर्ड या नाटककाराचे असल्याचा पुरावा समोर आला. २००२मध्ये फॉस्टर यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली. त्यांची मोजणी चुकली होती असे नाही. तुलनेसाठी उभ्या केलेल्या माणसांच्या रांगेत खरा लेखक पुरेशा ठळकपणे उभाच नव्हता. आकडे नेहमी 'यांच्यापैकी सर्वांत जवळचा कोण' एवढेच सांगतात.

आज सर्वाधिक वापरली जाणारी 'डेल्टा' पद्धत ऑस्ट्रेलियातील जॉन बरोज यांनी २००२मध्ये मांडली. त्याआधी १९८७मध्ये त्यांनी जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतील पात्रांचे संवाद अशाच क्षुल्लक शब्दांवरून वेगवेगळे करून दाखवले होते. एकाच लेखिकेने प्रत्येक पात्राला व्याकरणाच्या पातळीवरही निराळी चाल दिली होती. डेल्टाची कल्पना साधी आहे. अनेक लेखकांच्या मजकुरांतून सर्वाधिक येणारे दीडएकशे शब्द घ्यायचे, प्रत्येक शब्दाची सरासरी काढायची आणि अज्ञात मजकूर त्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहायचे. हे अंतर त्या शब्दाच्या नेहमीच्या चढउताराच्या मापाने भागायचे, म्हणजे 'द'सारखा प्रचंड संख्येचा शब्द बाकीच्यांना दडपून टाकत नाही. मग प्रत्येक लेखकाशी तुलना करून ज्याच्याशी फरक सर्वांत कमी, तो पहिला उमेदवार.

या प्रकारची मोजणी सर्वसामान्यांच्या कानावर गेली ती २०१३मध्ये. रॉबर्ट गॅल्ब्रेथ या नवख्या लेखकाच्या रहस्यकादंबरीमागे जे. के. रोलिंग असाव्यात, अशी कुणकुण एका ब्रिटिश वृत्तपत्राला लागली. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पॅट्रिक जुओला यांनी ती कादंबरी रोलिंग यांच्या प्रौढांसाठीच्या कादंबरीशी आणि रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स व व्हॅल मॅकडर्मिड या तीन लेखिकांच्या कादंबऱ्यांशी ताडून पाहिली. शब्दांची लांबी, नेहमीचे शब्द, शब्दांच्या जोड्या, चार अक्षरांचे तुकडे अशा निरनिराळ्या कसोट्या लावल्यावर त्यांचा एकत्रित कौल रोलिंग यांच्याकडे झुकला. ते सिद्ध झाले असे जुओला यांनी म्हटले नव्हते. वृत्तपत्राने विचारल्यावर रोलिंग यांनी स्वतःच कबुली दिली.

मराठीलाही लेखक कोण हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या शि. ए. भारदे यांनी 'ज्ञानेश्वरी'चा कर्ता आणि अभंगांचा कर्ता वेगळे असल्याचे मांडले, त्यातही भाषा हा एक मुद्दा होताच. परंतु इंग्रजीची मोजपट्टी येथे जशीच्या तशी चालणार नाही. इंग्रजीत सुटे राहणारे सांध्याचे शब्द मराठीत बहुधा प्रत्यय होऊन नामाला चिकटतात. 'घरावर' आणि 'घराच्या वर' हे आधी फोडून मोजावे लागतील, आणि ओवी व अभंग यांची तुलना करताना मेंडेनहॉल यांची चूक डोळ्यांसमोर ठेवावी लागेल.

सवय नकळत असते, तशी तिची पडझडही नकळत होते. टोरोंटोतील इयन लँकाशर आणि ग्रेम हर्स्ट यांनी २००९मध्ये अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांतील शब्दसंपत्ती मोजली. विस्मरणाभोवती फिरणाऱ्या १९७२मधील 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' या कादंबरीत ती आधीच्या लेखनाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली आणि 'थिंग', 'समथिंग' असे मोघम शब्द वाढलेले आढळले. ख्रिस्ती यांचे स्मृतिभ्रंशाचे निदान कधीच झालेले नव्हते, त्यामुळे हा केवळ अंदाज आहे. आयरिस मर्डॉक यांच्याबाबत मात्र मृत्यूनंतरच्या तपासणीत अल्झायमर निश्चित झाला होता, आणि १९९५मधील त्यांच्या शेवटच्या कादंबरीत शब्दसंपत्ती आक्रसल्याचे लंडनमधील अभ्यासकांनी २००५मध्ये दाखवले. केवळ वय वाढले म्हणून असे होते का, हे पाहण्यासाठी टोरोंटोच्या गटाला म्हातारपणीही निरोगी राहून लिहिणारी कोणी तरी हवी होती. त्यांनी निवड केली ती पुढे रोलिंग यांच्या तपासातही तुलनेला उभ्या राहणाऱ्या पी. डी. जेम्स यांची. बेचाळिशीपासून ऐंशी ओलांडेपर्यंतच्या त्यांच्या कादंबऱ्यांत तशी घसरण दिसली नाही.