आकारिक मूल्यमापन

अध्यापन चालू असताना विद्यार्थ्याची प्रगती पाहून त्यानुसार पुढील अध्यापन बदलण्याची पद्धत. सत्राअखेरीच्या संकलित मूल्यमापनाहून ती वेगळी. ‘आकारिक’चा संबंध आकार देण्याशी आहे, औपचारिकतेशी नाही, हिंदीत ‘रचनात्मक’ म्हणतात.

संज्ञेचे जनकत्व सामान्यतः तत्त्वज्ञ मायकेल स्क्रिव्हन (1967) यांना दिले जाते. मात्र त्यांच्यापुढे प्रश्न पाठ्यक्रमाचा होता: तो तयार होत असतानाच तपासावा की पूर्ण झाल्यावर? पहिली बाजू मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी 1963 मध्येच मांडली होती. विद्यार्थ्याच्या अध्ययनाला ही विभागणी लावली ती शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी, साधारण 1968–71 च्या सुमारास. वर्गापुरते बोलायचे तर श्रेय ब्लूम यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक.

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यानंतर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले; त्याचे भाग दोन, आकारिक आणि संकलित. आकारिकची साधने आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर (स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन इत्यादी). चाचणी छोटी, वेळापत्रक जाहीर न करता घ्यावयाची. पुस्तक उघडे ठेवूनही चालते. आकारिक-संकलित भारांश (गुणांतील वाटा) पहिली-दुसरीला 70:30, तिसरी-चौथीला 60:40, पाचवी-सहावीला 50:50, सातवी-आठवीला 40:60. कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांना संकलित परीक्षा नाही.

पद्धत फसते ती बहुधा नोंदवहीत. नोंदी सत्राअखेरीस एका बैठकीत भरल्या की चाळीस मुलांपुढे ‘गणितात प्रगती समाधानकारक’ एवढेच उरते. 52 मधून 27 वजा करताना मूल 35 लिहिते, तेव्हा ‘वजाबाकी कच्ची’ ही नोंद निरुपयोगी, ‘एककात 2 मधून 7 न घेता 7 मधून 2 वजा केले, दशक सुटा करत नाही’ ही उपयोगी, कारण उद्या काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा हे तीतच आले. रोज सगळ्यांची नोंद अशक्य असते; दिवसाला पाच-सहा मुले घेतली तर चाळिसांची फेरी दीड आठवड्यात होते. प्रकल्पात दुसरी अडचण: गुण घरच्यांच्या चित्रकलेला पडतात. दोन तोंडी प्रश्न विचारले की उलगडा होतो. सहाध्यायी मूल्यमापनात निकष आधी फळ्यावर नसतील तर मुले मैत्रीला गुण देतात.

2023–24 पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आहे.