उभ्या मक्यात राय

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला असतो. कणसं भरलेली, खालची पानं पिवळी पडायला लागलेली, कापणीला अजून महिना-दीड महिना अवकाश. नेमकी हीच वेळ साधून काही शेतकरी त्याच शेतात दुसरं बी टाकतात. ट्रॅक्टर आत घातला तर उभं पीक मोडणार, आणि कापणीपर्यंत थांबलं तर थंडी गाठणार. मग बी वरून टाकायचं. हे काम विमानं कित्येक वर्षं करत आली आहेत, आता ड्रोनही करू लागलेत.

बी असतं बहुतेकदा रायचं. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं, पण थंडीला गव्हाहून चिवट धान्य. एक-दोन अंश तापमानातही ते रुजतं. हे पीक विकायसाठी नसतंच, जमीन उघडी पडू नये म्हणून असतं. म्हणून त्याला आच्छादन पीक म्हणायचं.

उघड्या जमिनीचं एवढं काय, असं वाटेल. पण मका काढल्यावर उरलेलं नत्र जमिनीत नायट्रेटच्या रूपात असतं. नायट्रेटवर ऋण विद्युतभार, मातीच्या कणांवरही ऋणच; त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. वसंतातल्या पावसात ते शेताखाली पुरलेल्या निचऱ्याच्या पाइपांतून ओढ्यात, तिथून मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे शेवाळ माजतं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. 2017 साली या ‘मृत पट्ट्या’चं क्षेत्र सुमारे 22,700 चौरस किलोमीटर मोजलं गेलं, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. वाटेतल्या शहरांनाही झळ बसते. डे मॉइनमध्ये पिण्याच्या पाण्यातलं नायट्रेट काढायला वेगळा प्रकल्पच उभारावा लागला. रायची मुळं हे नायट्रेट शोषून घेतात. वाहून जाणाऱ्या नायट्रेटमध्ये सरासरी 31 टक्के घट होते, असा आयोवाच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ड्रोनच्या पोटाखाली बियांची टाकी आणि तिच्या तळाशी गरगर फिरणारी तबकडी असते. तबकडी बी चहूबाजूंना भिरकावते. इथे एक गंमत होते. आकाराच्या मानाने जड असलेलं बी हवेला कापत लांब जातं, ओटसारखं फोलपटाचं हलकं बी हवेच्या विरोधाने जवळच पडतं. दोन्ही एकत्र भरून उडवली तर उगवण पट्ट्यापट्ट्यांनी होते. म्हणून मिश्रण उडवताना दोन फेऱ्यांमधलं अंतर कमी लांब जाणाऱ्या बियाण्याच्या हिशोबाने धरावं लागतं.

खरी अडचण मात्र वजनाची. मोठा शेती ड्रोन एका वेळी साधारण 50 किलो बी उचलतो. हेक्टरी 70 किलो राय धरली तर दहा हेक्टरांना चौदा फेऱ्या, आणि भरलेल्या ड्रोनची बॅटरी तर दहा-एक मिनिटांतच उतरते. बांधावर जनरेटर धडधडत असतो, एक माणूस पोती फोडत असतो, दुसरा बॅटऱ्या बदलत असतो. मोहरीसारखं बारीक बी हेक्टरी थोडंच लागतं, तिथे ड्रोन खुलतो. झाडं, विजेच्या तारा, वेडेवाकडे कोपरे असलेल्या तुकड्यांतही तो विमानाला भारी पडतो.

तरीही बी मातीत जात नाही, मातीवर पडतं. त्यामुळे ते यंत्राने पेरताना लागतं त्यापेक्षा बरंच जास्त टाकावं लागतं. आठवडाभरात पाऊस आला तर साधलं, नाहीतर उंदीर आहेतच. सोयाबीनमध्ये पानं पिवळी पडून गळण्याच्या बेतात असतानाच बी टाकतात, कारण गळलेली पानं त्यावर पांघरूण घालतात आणि ओल टिकते.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. धान कापणीला आठ-पंधरा दिवस उरले की बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातल्या ओलीवर लाखोरी (लाखेची डाळ) किंवा जवस फोकायची, हीच ती उतेरा पद्धत. फरक इतकाच, की बांधीत ओल आधीच असते. आयोवावाल्याला आभाळाकडे बघावं लागतं. शिवाय उभ्या धानातून माणूस चालू शकतो, डोक्यावरून गेलेल्या मक्यात पानं तोंड कापतात. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून 2023 पासून आपल्याकडे बचत गटांच्या महिला ड्रोन चालवायला शिकताहेत, मुख्यतः फवारणीसाठी. लाखोरीही त्यातून फोकता येईल. पण अर्ध्या एकराच्या बांधीला ड्रोनची जुळवाजुळव होईतो टोपलीवाल्याचं काम उरकलेलं असेल.