वेग शून्य, त्वरण मात्र शाबूत

चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोचल्यावर त्या क्षणी त्याचा वेग किती? शून्य. आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर? इथेही पुष्कळ जण बेधडक ‘शून्य’ म्हणून मोकळे होतात. त्यात सूत्रं तोंडपाठ असलेलेही असतात.

हे उत्तर चूक आहे, आणि का चूक आहे ते आकडे मांडले की लगेच दिसतं. समजा, चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर निघाला आणि हवेचा अडथळा आपण सोडून दिला. एका सेकंदानंतर त्याचा वेग ९.८ उरतो, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी उणे ९.८, चार सेकंदांनी उणे १९.६. उणे म्हणजे दिशा खालची, एवढंच. दर सेकंदाला वेगातून ९.८ वजा होत गेले आणि वाटेत शून्य लागलं म्हणून ही वजाबाकी थबकली नाही. टोकाला पोचल्यावर त्वरण खरोखरच संपलं असतं, तर चेंडू तिथेच, १९.६ मीटरांवर, अधांतरी राहिला असता.

वेग म्हणजे वस्तू या क्षणी किती झपाट्याने आणि कुठल्या दिशेने चालली आहे ते. त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्याने बदलतो आहे ते. एकाची किंमत पाहून दुसऱ्याची सांगता येत नाही. माझ्या मते गोंधळाला थोडं एककही जबाबदार आहे. ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ असं लिहिलं की अर्थ लपतो, कारण सेकंदाचा वर्ग काही डोळ्यांपुढे येत नाही. तेच ‘दर सेकंदाला इतके मीटर प्रति सेकंद’ असं फोड करून वाचलं, तर त्वरणाची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

चेंडूच्या अगदी उलट स्थिती धावपटूच्या बाबतीत दिसते. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापलं. भागाकार केला तर सरासरी चाल, म्हणजे दिशा सोडून नुसता झपाटा, येते १०.४४ मीटर प्रति सेकंद. पण ही सरासरी शर्यतीची खरी कथा सांगत नाही. सुरुवातीला तो स्थिर होता; पुढे ६० ते ८० मीटरांच्या टप्प्यात त्याची चाल १२ मीटर प्रति सेकंदांच्या वर, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास गेली होती. त्याचं त्वरण सर्वांत जास्त होतं ते सुरुवातीच्या पावलांत, वेग अजून जेमतेम असताना. वेग कमाल झाला त्या क्षणी तो वाढणं थांबलेलं होतं. म्हणजे पुढच्या दिशेचं त्वरण शून्य!

ऋण त्वरण म्हणजे गती मंदावणं, हेही अर्धसत्यच. वरच्या चेंडूचं त्वरण सगळा वेळ उणे ९.८ होतं. वर जाताना त्याने चाल कमी केली, खाली येताना त्याच त्वरणाने ती वाढवली. वेग आणि त्वरण यांच्या दिशा जुळल्या की चाल वाढते, विरुद्ध असल्या की घटते. चिन्ह एकट्याचं पाहून काही कळत नाही.

या गोष्टी मुलांना पटकन उमजत नाहीत म्हणून वैतागण्याचं कारण नाही. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं १६०४ सालच्या एका पत्रात खुद्द गॅलिलिओने गृहीत धरलं होतं. वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात, हे त्याला नंतर उमगलं. सरळ खाली पडणारी वस्तू मोजमापाला फुरसतच देत नाही, म्हणून त्याने उतरत्या फळीवरून गोळा सोडला. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने गळणारं पाणी जमवून तो ते तोलत असे. दुप्पट वेळेत चौपट अंतर, तिप्पट वेळेत नऊपट, हा हिशोब १६३८ साली छापून आला.

चाल आणि वेग यांतला फरक मुलं वरवर तरी लवकर शिकतात. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक फेरी मारून सुरुवातीच्या रेषेवर आलात, तर विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासूनचं सरळ अंतर, शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. दमछाक मात्र पुरेपूर. पण वेगाला दिशा असते हे एकदा मान्य केलं की एक गोष्ट ओघाने येते आणि नेमकी तीच निसटते. चाल तसूभरही न बदलता नुसती दिशा बदलली, तरी तेही त्वरणच. वळणावर गाडीचा काटा ताशी ४० वर स्थिर असतो, तरी आपण एका बाजूला कलतो ते यामुळेच.

चंद्र साधारण १.०२ किलोमीटर प्रति सेकंद या जवळपास कायम चालीने पृथ्वीभोवती फिरतो, पण त्याची दिशा क्षणोक्षणी वळत असते. हे त्वरण काढायचं तर चालीचा वर्ग करून त्याला कक्षेच्या त्रिज्येने, म्हणजे सुमारे ३,८४,००० किलोमीटरने भागायचं. उत्तर येतं ०.००२७ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद, दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट लांब आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तिथे जमिनीवरच्या ९.८ चा ३६०० वा भाग उरायला हवा. ९.८ ला ३६०० ने भागा: पुन्हा ०.००२७. न्यूटनने पडणारी वस्तू आणि फिरणारा चंद्र एकाच नियमात बसवले, त्यामागे हाच पडताळा होता.