कंपनीने बंद केलेले पार्ट : जुन्या गाडीच्या मालकांसाठी माहिती

मारुती 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले आणि अँबेसेडरचेही त्याच वर्षी. शेव्हर्लेची भारतातील विक्री 2017 अखेर बंद झाली, तर फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. सोलापूर शहरात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट या बाजूला अशा गाड्या अजूनही रोज धावतात आणि त्यांच्या मालकांना काउंटरवर अनेकदा ‘हा पार्ट आता येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. या उत्तरानंतरही बरेच काही करता येते. मात्र काय करावे आणि काय टाळावे, हे तो पार्ट गाडीत कोणते काम करतो यावर ठरते.

पहिली तपासणी पार्ट नंबरची असते. पार्टमध्ये किरकोळ सुधारणा झाली तरी कंपनी त्याला नवा नंबर देते. त्यामुळे जुन्या नंबरावर शोधल्यास ‘बंद’ दिसणारा पार्ट नव्या नंबराने सहज उपलब्ध असू शकतो. हे नंबर आम्ही आमच्या गॅरेजमध्ये गाडीच्या चासी नंबरावरून तपासून घेतो.

दुसरी गोष्ट ग्राहकांना सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती येथे विस्ताराने देत आहोत. गाडी बनवणारी कंपनी सर्वच पार्ट स्वतः घडवत नाही. बेअरिंग आणि ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) यांसारख्या अनेक वस्तू प्रमाणित मापाच्या असतात. 6205 असा आकडा कोरलेले बेअरिंग आतून 25, बाहेरून 52 आणि रुंदीला 15 मिलिमीटर असते, मग ते कोणत्याही गाडीतून निघालेले असो. ऑइल सीलवरही बहुधा अशीच तीन मापे छापलेली असतात. म्हणजे कंपनीच्या नावाचे पाकीट बंद झाले तरी आतली वस्तू बाजारात असते. फक्त सीलच्या मापाबरोबर रबराची जातही जुळली पाहिजे, कारण साध्या नायट्राइल रबराचे सील साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, तर जास्त तापणाऱ्या जागी व्हिटॉन या अधिक उष्णता सहन करणाऱ्या रबराचे सील लागते.

हाच विचार इंजिनांनाही लागू पडतो. मारुती 800 चे 796 सीसीचे इंजिन ओम्नीतही होते. फियाटचे 1.3 लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो आणि लिनिया या सर्व गाड्यांत बसवले गेले, त्यामुळे त्याचे अंतर्गत पार्ट मिळण्याची शक्यता आजही चांगली आहे. टर्बो, इंजेक्टर आणि ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) यांच्या बाबतीत मात्र गाडीनुसार फरक असतो, म्हणून ते नुसत्या नावावरून मागवू नयेत.

ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांच्या बाबतीत आम्ही कोणतीही तडजोड करत नाही. ब्रेक होज, मास्टर सिलिंडरचे रबर किट, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हे पार्ट भंगारातून काढलेले असल्यास, ग्राहकाने आग्रह केला तरी, आम्ही बसवणार नाही. रबराचे आयुष्य वापरासोबत काळाने आणि उष्णतेनेही कमी होते, आणि 42 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या एप्रिल-मेमध्ये हे अधिकच जाणवते. शिवाय ब्रेक ऑइलचा स्पर्श होतो तेथे वेगळ्या जातीचे रबर वापरले तर ते फुगते आणि ब्रेक चिकटून राहतात. असा पार्ट खरोखरच कोठेही मिळाला नाही, तर आम्ही तसे स्पष्ट सांगू आणि गाडी रस्त्यावर न आणण्याचा सल्ला देऊ.

काच, दरवाजा, दिवे, स्विच आणि आतील प्लॅस्टिकचे पार्ट यांसाठी सेकंडहँड माल योग्यच आहे. तो आम्ही पुणे आणि मुंबईतील कुर्ला येथून मागवतो. अल्टरनेटर व स्टार्टर यांचे वायंडिंग, रेडिएटरचा गाभा बदलणे आणि लेथवर बुश तयार करणे ही कामे सोलापुरातच होतात. रेडिएटरचा गाभा बदलल्यानंतर त्यात बोअरचे पाणी घालू नये, कारण त्यातील क्षार नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे.

सेकंडहँड इंजिन घ्यायचे असल्यास विक्रेत्याकडून इंजिन नंबरासह पक्की पावती घ्यावी. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. खासगी गाडीच्या नोंदणीचे 15 वर्षांनी नूतनीकरण करतेवेळी गाडीची तपासणी होते, त्या वेळी हा नंबर जुळला नाही तर काम अडते. सेकंडहँड ईसीएम बसवताना तो गाडीच्या चावीशी जुळवून घ्यावा लागतो, अन्यथा इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी सुरू होत नाही.

आमच्याकडे येताना आरसीची प्रत आणि काढलेला जुना पार्ट, तुटलेला असला तरी, सोबत आणावा. त्यावरील कोरीव आकडे आणि माप यांवरूनच पुढचा शोध सुरू होतो. बसवलेला पार्ट कंपनीचा, बाहेरच्या उत्पादकाचा, सेकंडहँड की दुरुस्त केलेला, हे बिलावर लिहून दिले जाईल आणि काम झाल्यावर जुना पार्ट आपल्याला परत मिळेल.