टर्बो नको म्हणता, मग हेड नीट निवडा

जुनी जिप्सी सांभाळून ठेवलेली मंडळी आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी चार घोडे वाढवायची हुक्की येतेच. मग फ्री फ्लो एक्झॉस्ट टाकू का, मोठा एअर फिल्टर लावू का असं सुरू होतं, आणि हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या वर बसणाऱ्या भागाचं, नाव सगळ्यात शेवटी निघतं. खरं तर ते पहिलं निघायला पाहिजे.

कारण टर्बो नसलेल्या, म्हणजे नॅचरली अॅस्पिरेटेड इंजिनात हवा कोणी पंपाने भरत नाही. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमधला दाब पडतो आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबाने जेवढी आत घुसेल तेवढीच तुमची. समुद्रसपाटीला हा दाब साधारण 101 किलोपास्कल असतो आणि महाबळेश्वरला 86 च्या आसपास, म्हणजे नुसता घाट चढला तरी पंधराएक टक्के ताकद गेली. एवढ्याशा दाबावर हवा आत घ्यायची तर वाटेत अडथळा नको, आणि ती वाट म्हणजेच हेड: पोर्ट (हवेचा बोगदा), वॉल (म्हणजे व्हॉल्व्ह), सीट (वॉल टेकतो ती कडा), चेंबर (पेट्रोल पेटतं ती जागा) सगळं तिथंच.

जिप्सीचंच बघा. 1298 सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75.5. आठ वॉलवालं कार्बोरेटरचं असताना 60 बीएचपी, नंतर सोळा वॉल आणि एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) आल्यावर 80. सीसी तेवढेच. आता सगळं श्रेय हेडला देऊ नका, इंजेक्शनचाही त्यात वाटा आहे, पण हिशोब करून बघण्यासारखा आहे. वॉल उचलला की हवा त्याच्या कडेच्या फटीतून जाते, आणि ती फट म्हणजे वॉलचा परीघ गुणिले लिफ्ट (वॉल किती उचलला ते). समजा 36 मिमीचा एक इनटेक (हवा आत घेणारा) वॉल 8 मिमी उचलला तर फट होते साधारण 905 चौरस मिमी, त्याच्या जागी 29 चे दोन बसवले तर 1458. वॉल लहान झाले तरी वाट दीडपटीहून मोठी झाली.

मग मोठं ते चांगलं असं वाटून लोक ग्राइंडर घेऊन पोर्ट कोरत सुटतात आणि इथंच घोळ होतो. पिस्टन तळाला पोचला म्हणून इनटेक वॉल लगेच बंद होत नाही, क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) आणखी 40 ते 60 अंश फिरेपर्यंत तो उघडाच असतो, पिस्टन वर यायला लागलेला असतो तरी हवा आत येत राहते कारण तिला वेग असतो, धावत्या एसटीतून उतरल्यावर माणूस चार पावलं पुढं जातो तसंच. 6000 आरपीएमला हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त 3900 लिटर हवा ओढणार, 2000 ला फक्त 1300. पोर्ट ढोल केला की त्या 1300 लिटरला वेगच राहत नाही, हवा उलटी मॅनिफोल्डात (पोर्टच्या आधीच्या नळीत) ढकलली जाते, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात आणि सिग्नलवरून गाडी उचलतच नाही. होंडाने 1989 साली हीच ओढाताण व्हीटेकने सोडवली, कमी आणि जास्त आरपीएमला वेगळे कॅम प्रोफाइल (कॅम म्हणजे वॉल उघडणारा उंचवटा), 1.6 लिटरमधून 160 पीएस. आपल्याकडे ती चैन नाही, त्यामुळे गाडी कुठल्या आरपीएमला जास्त चालते ते आधी ठरवा. फ्लो बेंचचा (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवला तरी फुल लिफ्टचा आकडा बघून हुरळू नका, मधल्या लिफ्टचे आकडे विचारा, कारण वॉल तिथून उघडताना एकदा आणि मिटताना एकदा असा दोनदा जातो. माझं स्पष्ट मत, रस्त्यावरच्या गाडीला कोरलेल्या पोर्टपेक्षा स्टॉक पोर्ट आणि नीट केलेलं तीन अँगलचं सीट कटिंग कधीही बरं.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, वाढवायचं असेल तर मोजून वाढवा. एका सिलिंडरचे 325 सीसी, 9 च्या रेशोला पिस्टन वर पोचल्यावर साधारण 40.6 सीसी जागा उरते, 10 ला 36.1. फरक चहाचा चमचाभरही नाही. म्हणून हेड उलटं ठेवून, वॉल आणि प्लग बसवून, चेंबरच्या कडेला ग्रीस लावून वर भोकाची अॅक्रिलिक शीट दाबायची आणि ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल सोडायचं, शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा वाचायचा. चारही चेंबर सारखे आले पाहिजेत. आणि पोर्टच्या बाजूला ओल दिसली तर वॉल सीटवर बसत नाहीये, आधी ते बघा. कॉम्प्रेशनसाठी फेसिंग (हेडचा तळ घासणं) जास्त केलं तर ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग थोडं मागे पडतं, शिवाय साध्या पेट्रोलवर नॉकिंगची टकटक सुरू होते ते वेगळंच.

दुसऱ्या इंजिनाचं हेड बसवताय? बोल्ट जुळले म्हणजे झालं नाही, पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा गॅस्केट ठेवून तपासा. मग पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवा, हेड कसा, टायमिंग बेल्ट चढवा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि उघडून गोळ्याची दबलेली जाडी मोजा, वॉल आणि पिस्टनमध्ये तेवढंच अंतर उरतं. इनटेककडे 2 मिमी आणि एक्झॉस्टकडे 2.5 मिमीच्या खाली असेल तर स्टार्टरला हात लावू नका.