घडी घालून कोणी पोहोचतो, कोणी निघतो

स्पॅनिशमध्ये ‘येगो’ म्हणजे ‘मी पोहोचतो’. रुमानियनमध्ये ‘प्लेक’ म्हणजे ‘मी निघतो’. दोन्ही शब्द आले लॅटिनच्या ‘प्लिकारे’ या एकाच क्रियापदातून, आणि त्याचा मूळ अर्थ होता घडी घालणे, दुमडणे. इटालियन ‘प्येगारे’ आणि फ्रेंच ‘प्लिए’ यांनी तो अजून टिकवून ठेवला आहे.

हे शब्द एकाच घरचे कशावरून? कानाला सारखे लागतात एवढ्यावर विसंबले तर हमखास फसगत होते. इटालियन ‘बुर्रो’ म्हणजे लोणी आणि स्पॅनिश ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. उच्चार जवळजवळ एकच, पण मूळ लॅटिन शब्द वेगवेगळे. म्हणून पाहायचे ते ध्वनिबदल नियमाने होतो की नाही. ‘प्लुविया’ (पाऊस) हा लॅटिन शब्द घ्या. त्याचे स्पॅनिशमध्ये ‘युविया’, पोर्तुगीजमध्ये ‘शुव्हा’, इटालियनमध्ये ‘प्योज्जा’ आणि रुमानियनमध्ये ‘प्लोआये’ झाले. ‘प्लेनुस’ (भरलेला) घेतला तरी तीच रांग दिसते: येनो, शेयू, प्येनो, प्लिन. ‘प्लिकारे’ही याच वाटेने जातो. पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘शेगार’ झाले आणि अर्थ स्पॅनिशसारखाच, पोहोचणे. मधल्या ‘क’चा ‘ग’ होणे हाही नियमच: चुलीसाठीचा लॅटिन शब्द ‘फोकुस’ स्पॅनिशमध्ये ‘फ्वेगो’ होऊन आगीचा वाचक झाला, रुमानियनमध्ये मात्र ‘क’ शाबूत ठेवून ‘फोक’ राहिला.

या बदलाचा एक पुरावा आपल्या खिशात असतो. किल्लीला लॅटिनमध्ये ‘क्लाविस’ म्हणत. शब्दारंभीच्या ‘प्ल’प्रमाणे ‘क्ल’चाही पोर्तुगीजमध्ये ‘च’ झाला आणि ‘चावे’ हा शब्द तयार झाला. पोर्तुगीज गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर आले तेव्हा हा उच्चार ‘च’च होता, म्हणून मराठीत ‘चावी’ आली. पुढे प्रमाण पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘श’ झाला आणि लिस्बनमध्ये आज ‘शाव्ह’ ऐकू येते. जुना ‘च’ मराठीने जपला आहे.

आता अर्थाचा प्रश्न. गलबत बंदराला लागले की शिडे गुंडाळतात, म्हणून दुमडणे म्हणजे पोहोचणे, अशी उकल नेहमी सांगितली जाते. तिच्याहून भक्कम दुवा ‘आप्लिकारे’ या जोडशब्दात आहे, कारण गलबत किनाऱ्याला लावणे या अर्थाने तो लॅटिनमध्ये खरोखरच वापरात होता. किनाऱ्यावरून ‘पोहोचणे’ घडण्याला जोडही आहे: फ्रेंच ‘आरिव्हे’ आणि इटालियन ‘आर्रिव्हारे’ हे ‘रिपा’, म्हणजे काठ, या शब्दावरूनच बनले. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री पवित्र भूमीच्या यात्रेला गेली. तिच्या वृत्तांताची हस्तलिखित प्रत 1884 मध्ये इटलीतल्या आरेत्सो गावी सापडली. सिनाईच्या वाळवंटात डोंगराजवळ जाण्यासाठी ती ‘प्लिकारे’ वापरते. तिथे ना शीड, ना किनारा. म्हणजे तोवर हा शब्द समुद्र सोडून जमिनीवर उतरला होता.

रुमानियनची उकल अशी देतात की, रोमन सैन्याने तंबू दुमडले म्हणजे तळ हलला. मराठीत आपण ‘गाशा गुंडाळला’ म्हणतो, तेच. कॅटलान भाषेतही याला आधार मिळतो, कारण तिथे ‘प्लेगा’ म्हणजे दुमडणे आणि दिवसाचे काम आटोपणेसुद्धा. पण तंबूची ही गोष्ट कितीही पटली तरी तिच्या बाजूने एजेरियासारखा कागद नाही. रोमन सैन्याने डाकिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा बराचसा भाग, तिसऱ्या शतकात सोडला, आणि रुमानियनमधला सर्वांत जुना उपलब्ध दिनांकित मजकूर म्हणजे 1521 चे एक पत्र. मधल्या बाराशेहून अधिक वर्षांत अर्थ कसा सरकला, हे शब्दाच्या इतर वापरांवरूनच ताडावे लागते. आजच्या रुमानियनमध्ये मान झुकवणे यालाही हेच क्रियापद वापरतात. त्यामुळे दुमडणे, मग झुकणे, मग एखाद्या दिशेला कलणे आणि शेवटी त्या दिशेला निघणे, ही वाट मला तंबूपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. तिला सैन्याची गरज पडत नाही आणि तिचा एक टप्पा आजही लोकांच्या बोलण्यात आहे.